भारवाटप आणि आघात : बार्शी लाइट रेल्वेच्या अभियंत्यापासून मोटारीतील एअरबॅगपर्यंत

१. विषयप्रवेश

बार्शीच्या अर्वाचीन इतिहासात बार्शी लाइट रेल्वेचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. तो बहुधा बाजारपेठ, पंढरीची यात्रा आणि अरुंद रूळ यांच्यापुरता असतो. या रेल्वेचा निर्माता एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) याने उत्तरायुष्यात मात्र एका सर्वस्वी निराळ्या प्रश्नास हात घातला होता. यंत्र निकामी झाल्यावर त्यातील मनुष्याचा देह कसा वाचवावा, हा तो प्रश्न होय. त्याने विमानासाठी हवाई छत्री सिद्ध केली. पुढे हाच प्रश्न मोटारीच्या संदर्भात उभा राहिला आणि त्यातून मोटारीच्या पुढील आसनांसमोरची एअरबॅग, म्हणजे हवेची पिशवी, निर्माण झाली.

या दोन साधनांत जनक-जन्य संबंध आहे असे म्हणता येणार नाही. एअरबॅगच्या निर्मात्यांनी कॅलथ्रॉपचे अनुकरण केल्याचे दिसत नाही. परंतु दोन्ही साधनांमागील यांत्रिक तत्त्व एकच आहे, आणि त्यांना मान्यता मिळण्यातील विलंबाची कथाही बरीचशी सारखी आहे. या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. पाच टनांचा नियम

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग बार्शीस न येता कुर्डुवाडीवरून गेला. कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव त्या काळी ‘बार्शी रोड’ असे होते. बालाघाटच्या पायथ्याशी वसलेल्या आणि निजामाच्या मुलखातील कापूस व गळिताचे धान्य ज्या पेठेत उतरे, त्या बार्शीला रेल्वे हवी होती. परंतु सुमारे बावीस मैलांसाठी मोठा लोहमार्ग घालणे परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉप हा १८८२ साली याच रेल्वे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. अडीच फूट रुंदीचा हलका मार्ग हा त्याने सुचविलेला तोडगा होय. १८९५ साली लंडन येथे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये मार्ग खुला झाला. पुढे तो १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. १९५४ साली ही रेल्वे भारत सरकारच्या मालकीची झाली, आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तिचे रुंदीकरण पूर्ण झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या मार्गाचे महत्त्व त्याच्या रुंदीत नसून त्याच्या एका नियमात आहे. कोणत्याही वाहनाच्या कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू नये, असे कॅलथ्रॉपने ठरविले. रूळ यार्डास तीस पौंड वजनाचे, म्हणजे फारच हलके होते. त्यांवर जड इंजिन चालवावयाचे तर त्याचे वजन अनेक चाकांवर वाटले जाणे अवश्य होते. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि त्यांमागे आणखी चार चाके दिली गेली. डब्यांच्या चौकटी दाबलेल्या पोलादाच्या केल्या, म्हणजे स्वतःचे वजन कमी आणि वाहून नेण्याचे अधिक. ओझे तेच ठेवून ते अधिक जागेवर पसरले की दुर्बळ आधारही टिकतो, असा या रचनेचा अर्थ आहे.

३. ‘गार्डियन एंजल’

रोल्स-रॉइस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेला चार्ल्स रोल्स हा कॅलथ्रॉपचा मित्र होता. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमानाचा शेपटाकडील भाग तुटून तो मृत्यू पावला. विमान त्या वेळी जमिनीपासून फार उंच नव्हते. या घटनेनंतर कॅलथ्रॉपचे लक्ष हवाई छत्रीकडे वळले आणि त्यातून ‘गार्डियन एंजल’ या नावाची छत्री तयार झाली.

छत्रीची कल्पना जुनीच होती. बलूनमधून छत्रीने उतरण्याचे प्रयोग अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होत आले होते. कॅलथ्रॉपपुढील अडचण वेळेची होती. कोसळणाऱ्या विमानातील मनुष्यास विचार करण्यास सवड नसते, आणि जमीन जवळ असेल तर छत्री उलगडण्यासही नसते. म्हणून त्याने छत्री विमानाला जोडलेल्या पेटीत घडी करून ठेवली. मनुष्य खाली पडू लागला की त्याच्याच वजनाने ती बाहेर ओढली जाऊन उघडे. दोरी खेचण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. थोड्या उंचीवरूनही छत्री उघडते हे सिद्ध करण्यासाठी नोव्हेंबर १९१७ मध्ये टॉमस ऑर्ड-लीस याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेतली. ती उंची सुमारे दीडशे फूट होती.

तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ही छत्री सर्रास दिली गेली नाही. १९१५ पासून ती अधिकाऱ्यांपुढे होती. तिचे वजन, विमानाबाहेरील पेटीचा अडथळा आणि दोऱ्या विमानात गुंतण्याचा धोका हे आक्षेप निराधार नव्हते. छत्री हाती असली तर वैमानिक विमान लवकर सोडून देईल, ही शंकाही या वादाशी जोडली जाते. १९१८ साली जर्मन वैमानिक छत्री वापरू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेसांद्रो तांदुरा हा इटालियन अधिकारी ‘गार्डियन एंजल’च्या साहाय्याने शत्रूच्या मुलखात उतरविला गेला. हेरासाठी जे साधन योग्य ठरले, ते वैमानिकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच युद्ध संपले. पुढे अंगावर बांधावयाची आणि हाताने उघडावयाची आयर्विनची छत्री रूढ झाली व कॅलथ्रॉपची रचना मागे पडली.

कॅलथ्रॉपची आणखी एक कल्पना येथे नमूद केली पाहिजे. १९१६ साली त्याने दाबलेल्या हवेच्या जोराने वैमानिकाचे आसन विमानाबाहेर फेकण्याच्या योजनेचे एकस्व घेतले. संकटाच्या क्षणी मनुष्याच्या स्नायूंवर अवलंबून न राहता साठविलेली शक्ती मोकळी करावी, ही कल्पना त्यात स्पष्टपणे दिसते. मोटारीतील एअरबॅगचा आरंभही दाबलेल्या हवेनेच झाला.

४. आघाताचे गणित

मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने, भिंतीवर आदळली असे समजा. सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या मनुष्याचा जमिनीला टेकतानाचा वेग एवढाच असतो. वैमानिकाचा प्रश्न आणि मोटारीतील मनुष्याचा प्रश्न येथे एक होतात. एकासमोर जमीन आहे, दुसऱ्यासमोर स्टिअरिंग.

मोटार थांबली तरी आतील मनुष्य त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याचे डोके कठीण वस्तूवर आदळून पाच सेंटिमीटरांच्या अंतरात थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोनशे पट जोर येतो. तेच डोके पन्नास सेंटिमीटरांत थांबविता आले तर हा जोर सुमारे वीस पट राहतो. नाहीशी करावयाची गती दोन्ही प्रसंगी सारखीच. फरक केवळ अंतराचा आणि वेळेचा. शिवाय तो जोर कपाळाच्या किंवा छातीच्या लहानशा भागावर न येता रुंद पृष्ठावर पसरला, तर हाडे मोडण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. बार्शीच्या रुळांवर जो न्याय लागू होता, तोच येथे बरगड्यांना लागू होतो.

५. एअरबॅगची रचना व क्रिया

चालकासमोरची एअरबॅग स्टिअरिंगच्या मध्यभागी आणि शेजारच्या प्रवाशासमोरची डॅशबोर्डमध्ये घडी करून ठेवलेली असते. पिशवी नायलॉनच्या घट्ट विणीच्या कापडाची असते. मोटारीतील संवेदक गतीत होणारा बदल सतत मोजत असतात. खड्ड्याचा धक्का किंवा जोराने दाबलेला ब्रेक आणि खरी टक्कर यांतील भेद ओळखणे हे नियंत्रक यंत्राचे पहिले काम होय. टक्कर ठरताच विजेचा लहानसा प्रवाह ठिणगी पाडतो आणि घनरूप रसायन पेटून वायू निर्माण होतो. पूर्वी या कामी सोडियम अझाइड वापरीत. त्यातून नायट्रोजन निघे. पुढे ते विषारी रसायन मागे पडून ग्वानिडीन नायट्रेटसारखी द्रव्ये प्रचारात आली.

वायू गाळणीतून पिशवीत शिरतो, वरचे आवरण ठरविलेल्या रेषेवर फाटते आणि पिशवी फुगते. टकरीच्या आरंभापासून पिशवी भरेपर्यंतचा काळ सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतका असतो. पापणी लवण्यास याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. पिशवी फुगलेलीच राहिली तर मनुष्य तिच्यावरून उसळून मागे फेकला जाईल. यासाठी तिच्या मागील बाजूस छिद्रे ठेवलेली असतात. देह तिच्यावर टेकताच वायू त्या छिद्रांतून निघू लागतो, पिशवी दबत जाते आणि मनुष्याची गती क्रमाक्रमाने शोषली जाते. म्हणजे फुगण्याइतकेच रिते होणेही या साधनाचे कार्य आहे.

यावरून सीटबेल्टची आवश्यकताही कळते. पट्टा नसेल तर ब्रेक लागताच मनुष्य पुढे सरकतो आणि पिशवी फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो. त्या क्षणी पिशवीचा वेग ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत असू शकतो. तारक साधनच तेव्हा मारक ठरते. चालकाची छाती स्टिअरिंगपासून निदान पंचवीस सेंटिमीटर दूर असावी आणि लहान मुलास मागील आसनावर बसवावे, हे नियम याच कारणाने केलेले आहेत. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक आहे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

६. शोध आणि स्वीकार

जर्मनीत वाल्टर लिंडरर याने १९५१ साली आणि अमेरिकेत जॉन हेट्रिक याने १९५२ साली फुगणाऱ्या पिशवीच्या एकस्वासाठी अर्ज केले. दोघांनाही १९५३ साली ते मिळाले. हेट्रिकला नौदलात काम करताना टॉर्पेडोतील दाबलेल्या हवेचा जोर अनुभवास आलेला होता. दोघांच्याही रचनेत दाबलेली हवाच होती, आणि तीच त्यांची मर्यादा ठरली, कारण हवेने पिशवी वेळेत भरत नव्हती. विमानातून आसन फेकण्याच्या तंत्रातही दाबलेली हवा पुढे मागे पडून स्फोटक काडतुसे आली. मोटारीतही तसेच घडले. टक्कर ओळखण्याचा प्रश्न ॲलन ब्रीड याच्या १९६८ च्या सुमाराच्या संवेदकाने बराच सुटला. त्यात चुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी धक्क्याने सुटून विजेचे मंडल पुरे करीत असे.

१९७३ साली जनरल मोटर्सने एअरबॅग असलेली मोटार विक्रीस आणली, पण थोड्याच वर्षांत ती योजना थांबविली. अमेरिकन शासनाचा स्वयंचलित संरक्षणाचा नियम १९८१ साली मागे घेतला गेला. १९८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अग्राह्य ठरविला. १९९१ च्या कायद्यान्वये १९९८ च्या मोटारींपासून तेथे पुढील दोन्ही एअरबॅग अनिवार्य झाल्या. भारतात चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आवश्यक झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती नव्या प्रकारच्या मोटारींना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या प्रकारांना ३१ डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. पहिल्या एकस्वापासून हा काळ अडुसष्ट वर्षांचा होतो.

या विलंबास केवळ अनास्था कारण होती असे म्हणणे न्याय्य होणार नाही. आरंभीच्या जोरदार पिशव्यांनी अमेरिकेत काही लहान मुलांचे व ठेंगण्या व्यक्तींचे प्राण घेतले, आणि त्यानंतर त्यांचा जोर कमी करावा लागला. ताकाता या जपानी कंपनीच्या वायुजनकांत अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्ण व दमट हवेत ते बिघडे, मग स्फोट अनावर होऊन धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत. जगभर कोट्यवधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ साली ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. उष्ण हवामानाच्या देशाला हे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

७. उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, देहरक्षणाचे शास्त्र भार नाहीसा करीत नाही. ते त्याला अधिक जागा आणि अधिक वेळ देते. बार्शीचा रूळ, ‘गार्डियन एंजल’चे कापड आणि एअरबॅगची छिद्रे यांतील समान सूत्र हेच आहे. दुसरी, अशा साधनाविरुद्धचे आक्षेप दोन जातींचे असतात. वजन, विश्वसनीयता आणि प्रत्यक्ष अपाय यांविषयीच्या आक्षेपांनी साधन सुधारते, म्हणून ते स्वागतार्ह होत. संरक्षण मिळाल्याने मनुष्य भित्रा किंवा बेफिकीर होईल, हा आक्षेप मात्र साधनाविषयी नसून मनुष्याविषयीचा आहे. त्याचे निरसन प्रयोगाने होत नाही, आणि तोवर प्रतीक्षेची किंमत आसनावर बसलेल्यास मोजावी लागते.

३० मार्च १९२७ रोजी कॅलथ्रॉप मृत्यू पावला. बार्शीच्या इतिहासात त्याची नोंद रेल्वेचा निर्माता म्हणून झाली, ती यथार्थच आहे. परंतु दुर्बळ आधारावर मोठा भार कसा तोलावा, हा प्रश्न ज्याने बार्शीच्या माळावर सोडविला, त्यानेच पुढे तो मनुष्यदेहाच्या बाबतीत विचारला, एवढी भर त्या नोंदीत घालणे उचित होईल.