कासवाच्या पाठीवरचा उजेड

आपल्या कल्याण आणि सोपारा या बंदरांचा उल्लेख असलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पहिल्या शतकातला. कुठल्या बंदरात कोणता माल मिळतो, याची ती जणू जंत्रीच. त्यात एक माल पुनःपुन्हा येतो, तो म्हणजे कासवाचे कवच.

सर्वांत मोलाचे कवच हॉक्सबिल कासवाचे. ससाण्यासारखी चोच असलेल्या या समुद्री कासवाच्या पाठीपासून माणसाने शतकानुशतके फण्या, डब्या, चष्म्यांच्या काड्या बनवल्या. या कवचाची झळाळी जगाला ठाऊक होती; त्या कासवाच्या अंगातला उजेड मात्र कुणी पाहिला नव्हता.

मी कविता लिहिणारा माणूस, विज्ञानाशी संबंध वाचनापुरता. पण या उजेडाची हकीकत मला सांगावीशी वाटते. १८०१ मध्ये जर्मनीत योहान रिटरला दिसले, की चांदीचा एक क्षार जांभळ्या रंगापलीकडच्या अंधारात अधिक लवकर काळा पडतो. तिथे न दिसणारे किरण होते. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्सने त्या किरणांत क्विनाइनचे द्रावण धरले, तर ते निळे उजळले. काजवा स्वतःचा दिवा घेऊन फिरतो. इथे पदार्थ एक प्रकाश गिळतो आणि दुसऱ्या रंगाचा परत देतो. हीच प्रतिदीप्ती. नोट तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेवरच्या खुणा चमकतात, त्या याच न्यायाने. निळ्या प्रकाशानेही हे घडते.

जुलै २०१५. सॉलोमन बेटांजवळ डेव्हिड ग्रुबर रात्री निळ्या दिव्यात प्रवाळांचे चित्रण करीत होते. अचानक समोर एक हॉक्सबिल आले, हिरव्या आणि लाल रंगांत उजळलेले. लाल रंगात कवचावरच्या शेवाळाचा वाटा असू शकतो, पण सरपटणाऱ्या प्राण्यात असा उजेड दिसल्याची ही पहिली मोठी नोंद ठरली. २०१८ मध्ये मादागास्करच्या सरड्यांची हाडे पातळ कातडीतून निळी चमकताना आढळली. २०२१ मध्ये नामिब वाळवंटातल्या एका पालीच्या अंगावरचे हिरवे पट्टे दिसले. चांदण्यात त्या एकमेकींना त्यावरून ओळखत असाव्यात, असा संशोधकांचा कयास आहे.

हॉक्सबिल आज अतिसंकटग्रस्त आहे. १९७७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करारान्वये बंदी आली, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही. दोन हजार वर्षे आपण त्याचा भाव जाणला, त्याचा उजेड दिसून दोन तपेही झालेली नाहीत. आणखी काय काय आपण न पाहताच विकून टाकले असेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.