परतलेले गाव

घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली, अंगणात मुलांनी फटाक्यांची माळ लावली आणि आतून चकल्यांच्या तळणाचा वास येऊ लागला, की कुणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, ‘छे! एकदा कुठेतरी लांब, शांत जागी जाऊन राहिले पाहिजे.’ त्यांच्या मनात बहुधा माथेरान असते. पण ‘लांब’ या शब्दाचा अर्थ ज्यांना पार टोकापर्यंत ताणून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्हा नावाचे एक बेट आहे. माणसांची वस्ती असलेला सर्वांत जवळचा शेजार म्हणजे सेंट हेलेना, तोही सुमारे दीड हजार मैलांवर! केपटाऊन त्याहूनही दूर. विमानतळ नाही. केपटाऊनहून निघालेली बोट साधारण आठवड्याने तिथे पोहोचते, आणि पोहोचली तरी समुद्र खवळलेला असेल तर उतारूंनी बोटीवरूनच बेटाकडे बघत बसायचे. शिवाय जाण्यापूर्वी बेटाच्या मंडळाची परवानगी घ्यावी लागते ती वेगळीच.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक ज्वालामुखी. त्याचे शिखर २,०६२ मीटर उंच. आपले कळसूबाई त्याच्यापुढे चारशे मीटरने ठेंगणे. चहूबाजूंनी ताशीव कडे, आणि एका कड्याच्या पायथ्याशी जी थोडी सपाटी आहे तिच्यावर एकुलते एक गाव. वस्ती अडीचशेच्या आत. कड्यांवर अल्बट्रॉस पक्षी घरटी करतात, किनाऱ्यावर डोक्यावर पिवळे तुरे असलेले पेंग्विन येतात.

या बेटाला नाव मिळाले ते हिंदुस्थानच्या वाटेवर. १५०६ साली त्रिश्तांव द कुन्हा हा पोर्तुगीज दर्यासारंग ताफा घेऊन पूर्वेकडे निघाला असता त्याला हे बेट दिसले. तो उतरला नाही. नाव तेवढे ठेवून पुढे गेला. हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय म्हणून आधी याच गृहस्थाची निवड झाली होती. पण ऐनवेळी त्याची दृष्टी काही काळ गेली आणि ते पद आल्मैदाला मिळाले. त्याच्या या ताफ्यात अल्बुकर्कही होता, ज्याने चार वर्षांनी गोवे घेतले.

पुढे तीनशे वर्षे बेट जवळजवळ रिकामेच होते. १८१० च्या अखेरीस जोनाथन लॅम्बर्ट नावाचा एक अमेरिकन दोन साथीदारांसह तिथे उतरला आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःला बेटाचा मालक म्हणून जाहीर केले. प्रजा दोन! १८१२ मध्ये तो समुद्रात बुडाला. मग १८१६ साली इंग्रजांनी तिथे फौज उतरवली, कारण सेंट हेलेनावर कैदेत ठेवलेल्या नेपोलियनला कुणी इथून येऊन सोडवील अशी धास्ती! दीड हजार मैलांवरून पहारा करण्याचा हा प्रकार वर्षभरात आटोपला, फौज परत निघाली. पण विल्यम ग्लास नावाच्या स्कॉटिश कॉर्पोरलने बायकोमुलांसह मागे राहण्याची परवानगी मागितली. दोन गवंडीही त्याच्याबरोबर राहिले. नोव्हेंबर १८१७ मध्ये या मंडळींनी एक करारपत्र केले: गुरेढोरे आणि सामानसुमान सर्वांच्या सारख्या मालकीचे, नफा सारखा वाटायचा, आणि कुणीही कुणाच्या वरचढ म्हणून वागायचे नाही. माझ्या मते या बेटाचा खरा इतिहास ज्वालामुखीपासून नव्हे, या कागदापासून सुरू होतो.

गलबतांतून एकेक माणूस येऊन मिळाला. हॉलंडचा, अमेरिकेचा, पुढे १८९२ मध्ये दोघे इटालियनही. पाच अविवाहितांसाठी १८२७ साली सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आणल्या गेल्या. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना बटाटे आणि मांस द्यायचे, बदल्यात पीठ, कापड, खिळे घ्यायचे, असा त्यांचा व्यवहार. परंतु आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि शिडाची जहाजे या वाटेने दिसेनाशी होत गेली. २८ नोव्हेंबर १८८५ रोजी दूर एक जहाज दिसले, तेव्हा पंधरा पुरुष नाव घेऊन त्याच्याकडे निघाले. एकही परतला नाही. कर्ते पुरुष असे एका दिवसात गेल्यावर त्या इवल्या गावात काय उरले असेल! तरी गाव उठले नाही.

ते उठवले शेवटी पायाखालच्या डोंगराने. ऑगस्ट १९६१ पासून धरणीकंपाचे धक्के बसू लागले. ऑक्टोबरच्या ९ तारखेला गावाच्या अगदी कडेला जमीन भेगाळली, फुगू लागली. लोकांनी ती रात्र तीन मैलांवरच्या बटाट्याच्या शेतांत काढली, दुसऱ्या दिवशी मच्छीमार बोटींतून नाइटिंगेल बेटावर गेले, तिथून डच जहाजाने केपटाऊनला आणि नोव्हेंबरात इंग्लंडला पोहोचले. तापलेल्या रसाखाली कोळंबीसारख्या मोठ्या शेवंडांचा कारखाना गेला, नावा लावण्याचे किनारे गेले. घरे मात्र बहुतेक वाचली.

इंग्लंडात त्यांचे स्वागत चांगले झाले, हे मान्य केले पाहिजे. साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉट येथे घरे मिळाली, कामे मिळाली, मुले शाळेत जाऊ लागली. दिव्याचे बटण दाबले की उजेड, नळ सोडला की पाणी. सरकारी मंडळींना वाटले, आता ही माणसे त्या खडकाचे नाव काढणार नाहीत. पण थंडीपडशाने माणसे बेजार झाली, काही वृद्ध दगावले. रस्त्यांवरची रहदारी, दारांना कुलपे, आणि शेजाऱ्याचे छप्पर शाकारायचे तर आधी पैशाची बोली! बेटावर छप्पर शाकारायला सारे गाव जमे आणि घरधनी जेवण घाली. बेटावर परत जाऊ द्या, असे ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. डिसेंबर १९६२ मध्ये सरकारने गुप्त मतदान घेतले. परत जाण्याच्या बाजूने १४८, विरुद्ध ५.

१९६३ मध्ये गाव परतले. काही जण इंग्लंडातच राहिले, आणि परतलेल्यांपैकीही काहींना पुढे करमेना, ते १९६६ साली पुन्हा निघून गेले. शांतता सगळ्यांनाच मानवते असे नाही, आणि तिकडे गेलेल्याने लगेच ऋषी व्हावे अशीही सक्ती नाही. वर्षाच्या शेवटच्या रात्री तिथले पुरुष भयंकर मुखवटे चढवून घरोघर लोकांना घाबरवत हिंडतात. आपल्या कोकणातल्या शिमग्याच्या सोंगांची आठवण व्हावी!

२०२० साली या बेटवासीयांनी आपल्याभोवतीचा सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक पाणी, आणि राखणारे जेमतेम अडीचशे. स्वतःची मासेमारी त्यांनी एका ठरावीक पट्ट्यात ठेवली आहे. समुद्र निवळला की पहाटे गावात घंटा वाजते, आणि त्या दिवशी सारे नावा काढतात. नावा ज्या धक्क्यावरून निघतात तो १९६७ साली, रसाने गिळलेल्या किनाऱ्यांच्या जागी, बांधला. त्याला त्यांनी कॅलशॉट असे नाव दिले आहे.