ॲट्रिब्यूटयुक्त ब्लॉक : आज्ञावलीने बसवणे

संगणकीय आरेखनात वारंवार लागणारी आकृती एकदाच काढून, तिला नाव देऊन, हवी तिथे बसवता येते. अशा नामांकित आकृतीला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक जागी बदलणारा मजकूर तिच्याशी जोडलेला असेल (क्रमांक, व्यास, पातळी), तर तो ॲट्रिब्यूट. हे काम माउसऐवजी आज्ञावलीकडून करून घेण्याची रीत ऑटोकॅडमध्ये सर्वाधिक रुळलेली आहे. म्हणून ही नोंद त्याच सॉफ्टवेअरला धरून आहे. ऑटोडेस्कने ते १९८२च्या अखेरीस आणले आणि १९८६मध्ये त्यात ऑटोलिस्प ही भाषा आली. व्हीबीए आणि .नेटची सोय त्यानंतरची.

समजा, वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा गावासाठी नळपाणी योजनेचा नकाशा करायचा आहे. सर्वेक्षक टोटल स्टेशन किंवा डीजीपीएसने हातपंप, विजेचे खांब, विहिरी, रस्त्याच्या कडा टिपतो. हाती येते ती सीएसव्ही फाइल : बिंदू क्रमांक, दोन निर्देशांक, पातळी, वर्णन. आज्ञावली एकेक ओळ वाचते, वर्णनावरून ब्लॉक निवडते, तो त्या बिंदूवर बसवते आणि क्रमांक व पातळी ॲट्रिब्यूटमध्ये भरते. शेकडो खांब हाताने बसवताना एखादा आकडा चुकणारच; इथे तो धोका टळतो.

आधी निर्देशांकांचा क्रम पाहावा. हा भाग यूटीएम या निर्देशांक-पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात येतो. इथला पूर्वांक (पूर्व दिशेचा निर्देशांक) सहा आकडी, सात लाखांच्या पुढे, तर उत्तरांक (उत्तर दिशेचा) सात आकडी, बावीस लाखांच्या पुढे असतो. सर्वेक्षणाच्या फाइलीत पुष्कळदा उत्तरांक आधी असतो, ऑटोकॅडला मात्र एक्स म्हणजे पूर्वांक आधी लागतो. अदलाबदल झाली की गाव आडवे पडते आणि आरशातल्यासारखे उलटतेही.

ब्लॉकची व्याख्या आणि त्याची प्रत्यक्ष बैठक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या विषयाचे मर्म. व्याख्येत असते ती ॲट्रिब्यूटची जागा, त्याचा टॅग म्हणजे ओळखनाव आणि मूळ मूल्य. टॅगमध्ये रिकामी जागा चालत नाही. खरे मूल्य प्रत्येक बैठकीसोबत स्वतंत्र साठते. व्हीबीएतील इन्सर्टब्लॉक ही पद्धत ब्लॉक बसवतानाच ॲट्रिब्यूटही तयार करते. मग गेटॲट्रिब्यूट्सने ते मिळवून टॅग पाहायचा आणि मजकूर भरायचा. .नेटमध्ये तसे नाही. तिथे ब्लॉक बसतो, पण ॲट्रिब्यूट येत नाहीत. व्याख्येतील प्रत्येक ॲट्रिब्यूट शोधून त्याची प्रत आपणच तयार करावी लागते आणि बैठकीला जोडावी लागते. स्थिर ॲट्रिब्यूट मात्र वगळावेत, कारण ते व्याख्येतच राहतात. नवशिके नेमके इथे अडकतात.

प्रत तयार करताना सेटॲट्रिब्यूटफ्रॉमब्लॉकला बैठकीचे रूपांतरण द्यायचे राहिले, तर सगळी अक्षरे शून्य-शून्याजवळ एकावर एक साचतात. आपल्या पट्ट्यात तो बिंदू विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडतो. सगळे आरेखन दाखवणारी झूम एक्स्टेंट्स आज्ञा दिली की दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर पडद्यावर येते आणि किन्हीराजा ठिपक्याएवढे होते.

लिस्पमध्ये दोन वाटा आहेत. एंटमेक या फंक्शनने ब्लॉक थेट रचता येतो : ६६ या संकेतांकाला १ हे मूल्य, त्यामागे ॲट्रिब्यूटची ॲट्रिब ही नोंद, शेवटी समाप्तीची सेकएंड. सोपी वाट म्हणजे इन्सर्ट ही आज्ञाच लिस्पमधून देणे. त्यासाठी ॲट्रेक हे सिस्टिम व्हेरिएबल १ आणि ॲट्डाया ० ठेवावे. ॲट्रेक ० असेल तर विचारणा न होता मूळ मूल्येच बसतात. त्याहून कपटी चूक ऑब्जेक्ट स्नॅपची. तो चालू राहिला तर आज्ञेला दिलेला बिंदू शेजारच्या रेषेच्या टोकाला चिकटू शकतो, चूक दाखवणारा कोणताही संदेश न येता. म्हणून स्नॅप ठरवणारा ओसमोड आधी शून्य करावा आणि काम झाल्यावर पूर्ववत करावा. ग्रामीण सर्वेक्षणाच्या कामाला ही वाट पुरेशी आहे; .नेटचा पसारा मोठ्या कार्यालयांनीच मांडावा.

व्याख्या नंतर बदलली तरी आधी बसलेल्या ॲट्रिब्यूटची जागा आपोआप बदलत नाही. ॲट्सिंक ही आज्ञा ते जुळवते; मात्र हाताने सरकवलेली अक्षरे पुन्हा मूळ जागी जातात.

मराठी मजकुरासाठी एक पथ्य आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये भरलेले ॲट्रिब्यूट नकाशावर देवनागरी दिसतात, पण डेटा एक्स्ट्रॅक्शनने एक्सेलमध्ये काढले की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. मजकूर युनिकोडमध्येच भरावा आणि टेक्स्ट स्टाइलला मंगल किंवा निर्मला यांसारखा फाँट द्यावा. नेहमीच्या एसएचएक्स फाँटमध्ये देवनागरी नसते, तिथे प्रश्नचिन्हे उमटतात.

यंत्राने आरेखन वाचण्याची उलट दिशाही महाराष्ट्रात रुजली आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सची ऑटोडीसीआर प्रणाली इमारतीचे कॅड-आरेखन वाचून विकास नियंत्रण नियमांशी ताडते.

छोट्या कार्यालयांत चालणाऱ्या ऑटोकॅड एलटीमध्ये ऑटोलिस्प २०२४च्या आवृत्तीपासून मिळू लागले. त्याआधीच्या एलटीवर यातली कोणतीही आज्ञावली चालत नाही.