वह्या कुणासाठी भरायच्या?

माझी मावशी एएनएम होती. उपकेंद्रातल्या तिच्या टेबलावर वह्यांची चळत असायची: गरोदर मातांची, लसींची, कुटुंब नियोजनाची, औषधसाठ्याची. महिनाअखेरीला बेरजा करून ती तक्ता वर पाठवायची. वरून तिच्याकडे काय यायचं? उशीर झाला तर मेमो, एवढंच. म्हणून आज आरोग्यातल्या आकड्यांबद्दल बोलतोय. विषय रुक्ष वाटेल, पण थोडं थांबा. ही गोष्ट सुरू होते केप टाऊनमध्ये.

1994 साल. वर्णभेदी राजवट संपली, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. नव्या सरकारच्या हाती आली ती तब्बल 14 आरोग्य खाती! गोऱ्यांचं वेगळं, 'कलर्ड' म्हणवल्या जाणाऱ्यांचं वेगळं, भारतीय वंशाच्यांचं वेगळं, दहा बांटुस्तानांची दहा, आणि वर एक सामायिक. एखाद्या वस्तीत किती मुलांना लस मिळाली, एवढ्या साध्या प्रश्नासाठीही निरनिराळ्या कागदांचा मेळ घालावा लागायचा.

तिथल्या विद्यापीठांतली, चळवळीतली माणसं आणि नॉर्वेहून आलेले यॉर्न ब्रा यांच्यासारखे संशोधक कामाला लागले. प्रकल्पाचं नाव हिस्प. नॉर्वेत 1970 च्या दशकात कामगार संघटनांनी आग्रह धरला होता, की संगणक आणण्याआधी तो वापरणाऱ्याला विचारा. तीच रीत यांनी इथे आणली. दवाखान्यातल्या लोकांबरोबर बसून विचारलं, यातला कुठला आकडा तुम्हाला काही ठरवायला उपयोगी पडतो? पडत नसेल तर गोळा कशाला करायचा? अशी छाटणी करून एक छोटी, सगळ्यांना समान यादी झाली. डीएचआयएस हे मोफत सॉफ्टवेअर त्याच कामातून आलं. मला विचाराल तर सॉफ्टवेअरपेक्षा ती छाटणी मोठी.

का, ते सांगतो. समजा, एका गावात ट्रिपलचा पहिला डोस 100 बाळांना मिळाला आणि तिसरा 70 जणांना. हे दोन्ही आकडे मावशीच्याच वहीत आहेत. वजाबाकी केली की 30 बाळं मधेच गळाली हे कळतं, आणि कुठल्या घरी जायचं तेही, कारण नावं तिच्याकडेच आहेत. जिल्ह्याला फक्त बेरीज जाते. बेरजेत घर दिसत नाही.

हिस्प 2000 च्या सुमारास भारतात आलं ते आंध्रातल्या कुप्पमला, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या भागात. पुढे डीएचआयएसची नवी, वेबवर चालणारी आवृत्ती पहिल्यांदा वापरली गेली ती 2006 मध्ये केरळात. आज ती सत्तरहून अधिक देशांत चालते. 2020 च्या सुरुवातीला श्रीलंकेने परदेशातून येणाऱ्या प्रवाशांवर कोविडसाठी लक्ष ठेवलं तेही हिच्याच आधारे.

पण भारतातल्या अनुभवात एक जुनं दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं. संगणक आला, वह्या मात्र गेल्या नाहीत. आधी वहीत लिहायचं, मग तेच संगणकात भरायचं. तक्ता वर जायचा वेग वाढला, खाली परत यायची वाट तशीच अरुंद राहिली.

मावशीने निवृत्त होताना एक जुनी वही घरी आणली होती. त्यात काही नावांपुढे पेन्सिलीने फुल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, "अरे, ही बाळं दुसऱ्या डोसाला आलीच नव्हती. ह्या खुणा माझ्यासाठी. तक्त्यात त्यांना रकाना नव्हता."