निरसन पद्धती

अनेक चलांतील एकसामयिक रेषीय समीकरणांमधून एकेका चलाचा क्रमाने लोप करून सर्व चलांच्या किमती काढण्याची बीजगणितीय रीत. पहिल्या समीकरणाची योग्य पट उरलेल्या प्रत्येक समीकरणातून वजा केली की त्यांतील पहिले चल नाहीसे होते. हीच क्रिया पुढे चालवल्यावर सहगुणकांची मांडणी त्रिकोणी होऊन अखेरच्या समीकरणात एकच चल उरते आणि त्याची किंमत आधीच्या समीकरणांत उलट क्रमाने घालत गेल्यास बाकीची चले मिळतात.

ही रीत कार्ल फ्रीड्रिख गाउस यांच्या नावाने ओळखली जाते. पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसंबंधी १८१० च्या सुमारास केलेल्या गणितात त्यांनी तिला काटेकोर रूप दिले. तथापि ल्यू ह्वै यांनी इ. स. २६३ मध्ये ज्यावर भाष्य लिहिले, त्या ‘गणितकलेची नऊ प्रकरणे’ या प्राचीन चिनी ग्रंथात धान्याच्या पेंढ्यांची तीन चलांची उदाहरणे याच रीतीने सोडवलेली आहेत, त्यामुळे तिचे मूळ श्रेय चिनी गणितज्ञांकडेच जाते.

शालेय पाठ्यपुस्तकातील क्रेमर यांची निश्चयक पद्धती (१७५०) दोन-तीन चलांपुरती सोयीची असली, तरी निश्चयकांचा व्याख्येनुसार विस्तार केल्यास २० चलांसाठी सुमारे ५ × १०¹⁹ पदे मोजावी लागतात. निरसनाने तेच काम ३,०६० गुणाकार-भागाकारांत उरकते. सामान्यतः ‘न’ चलांसाठी गुणाकारांची संख्या साधारण न³/३ असते.

गतीइतकेच महत्त्व अचूकतेला आहे. ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २ ही समीकरणे तीन सार्थ अंक ठेवून याच क्रमाने सोडवल्यास क्ष = ० असे साफ चुकीचे उत्तर येते; केवळ क्रम बदलला, की क्ष = १ हे जवळजवळ अचूक उत्तर मिळते. म्हणून प्रत्येक पायरीवर, ज्या सहगुणकाने भागायचे तो आधारांक, त्या स्तंभातील केवलमूल्याने सर्वांत मोठा निवडतात. ही दक्षता ऐच्छिक मानणे चूक होय.

उजव्या बाजू बदलत राहिल्या, तर निरसन एकदाच करून वजाबाकीत वापरलेले गुणक जपून ठेवावेत. मग प्रत्येक नव्या बाजूस सुमारे न² गुणाकार पुरतात. फोल्कर श्ट्रासेन यांनी १९६९ मध्ये गुणाकारांच्या संख्येतील ‘न’चा घातांक ३ वरून २.८१ पर्यंत उतरतो हे सिद्ध केले, परंतु लॅपॅक या प्रचलित संगणकीय संग्रहातील सर्वसाधारण समीकरणांचा कार्यक्रम आधारांक निवडून केलेल्या निरसनावरच चालतो.