वाट एकच होती: इर्शाळवाडीचा घटनाक्रम

रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातला इर्शाळगड ट्रेकर मंडळींना ठाऊक आहे तो त्याच्या सुळक्यामुळे आणि नेढ्यामुळे. चौक गावाच्या बाजूने तासा-दीड तासाची चढण, मग इर्शाळवाडी, त्यापुढे हाताचा आधार घेत चढायचे कातळटप्पे. हौशी माणसाचा हा सुट्टीचा दिवस. वाडीतल्या 48 ठाकर कुटुंबांना मात्र बाजार, दवाखाना, बाळंतपण, सगळ्यासाठी हीच पायवाट होती.

सोमवार, 17 जुलै 2023. दरड कोसळायला उरले सुमारे 60 तास.
पावसाने जोर धरला. सह्याद्रीत काळ्या कातळावर झिजलेल्या मुरमाचा आणि मातीचा थर असतो. पाणी त्यात मुरत जातं. कातळापाशी पुढे वाट मिळाली नाही, की तिथेच तुंबतं. थराचं वजन वाढतं, मातीची पकड सुटत जाते. हे सगळं पोटात घडतं. वरून डोंगर हिरवागारच दिसतो.

बुधवार, 19 जुलै, सकाळ. उरले सुमारे 15 तास.
रायगडला रेड अलर्ट. नद्या फुगलेल्या, प्रशासनाचं लक्ष सखल भागातल्या पुराकडे. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. त्यामुळे घरं सोडा, असं सांगायला वर कोणी जाण्याचा प्रश्नच आला नाही. 17 ते 19 या तीन दिवसांत या भागात 499 मिलिमीटर पाऊस झाला.

रात्र. उरले दोन-तीन तास.
अमावस्या सोमवारीच झालेली, त्यात ढग दाटलेले. वाडी निजायला लागली. काही पोरं शाळेत मोबाइलवर खेळत बसली होती.

साडेदहा ते अकराच्या दरम्यान.
डोंगराचा कडेचा भाग सुटला. माती, दगड, झाडं घरांवर आली. शाळेतल्या पोरांनी आवाज ऐकला, आरडाओरडा केला. जाग आलेली माणसं हाताला लागेल त्याला ओढत अंधारात पळाली.

साडेअकराच्या सुमारास.
प्रशासनाला खबर मिळाली. मध्यरात्रीपासून पथकं निघाली. स्थानिक तरुण आणि गिर्यारोहक आधीच वाटेला लागले होते. रुग्णवाहिका, जेसीबी, सगळं पायथ्याशी थांबलं. पुढे गेली ती फक्त माणसं: बॅटरीच्या उजेडात, निसरड्या चिखलातून, डोक्यावर संततधार. चढता चढता नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यांचा जीव वाटेतच गेला.

गुरुवार, 20 जुलै.
उजाडलं तरी यंत्र वर नेता येईना. हेलिकॉप्टर तयार होती, हवामानामुळे उडू शकली नाहीत. एनडीआरएफचे जवान फावड्या-कुदळींनी ढिगारा उपसत होते. खणावं तितकी माती पुन्हा खाली येत होती. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनाही पायीच चढून जावं लागलं.

रविवार, 23 जुलै.
शोध थांबवला. 27 मृतदेह हाती लागले होते. 57 माणसं बेपत्ता होती, ती मातीखालीच राहिली.

माळीण 2014, तळीये 2021, इर्शाळवाडी 2023: दरडीच्या तिन्ही दुर्घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या, तिन्ही वेळी अतिवृष्टी आधी झालेली. दरडीचा नेमका क्षण कुणी सांगू शकत नाही, पण धोक्याचे दिवस सांगता येतात. म्हणूनच यादीत नाव नसलेल्या वाडीतही पर्जन्यमापक हवा, त्याचा आकडा वाचणारा गावातलाच माणूस हवा आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की रात्रीआधी माणसं हलवण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा. बचावाला दीड तास चढावं लागत असेल, तर सुटकेची सुरुवात दरडीच्या आदल्या दिवशी झाली पाहिजे.