माशीला माशी

मूळ कागदावर मेलेली माशी चिकटलेली असेल, तर नकलेतही एक माशी मारून चिकटवावी, अशी आम्हा कारकुनांची ख्याती. बी.कॉम. झाल्यापासून अस्मादिकांनी बँकेत हेच केलं. पण हाच उद्योग पदरचे पैसे घालून करणारे गृहस्थ इंग्लंडात होऊन गेले, हे रद्दीतून आणलेल्या एका पुस्तकामुळे कळलं.

ट्राउट मासा वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येईल तो किडा गिळतो. त्याला फसवायला गळावर पिसं गुंडाळून नकली माशी करतात. युक्ती जुनीच. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या अशा माशीचं वर्णन केलंय : तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसं.

या माशीला वजन नसतं. म्हणून दोरीच चाबकासारखी मागे-पुढे खेळवून फेकायची. मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. मी गच्चीवर काठीला सुतळी बांधून करून पाहिलं. थांबलो नाही. शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले पापड अजून आमच्या हिशेबात आहेत.

खरी मेख पुढेच. माशी पडते पलीकडच्या संथ पाण्यात, दोरी मधल्या धारेत. धार दोरीला बाक आणते, ओढते, आणि माशी पाण्यावर रेघ काढत पळते. मासा म्हणतो, ‘कळलं!’ म्हणून दोरी टेकली की मनगटाच्या झटक्यानं तो बाक प्रवाहाच्या उलट बाजूला टाकायचा. माशीला कळता कामा नये की तिला कुणी धरलंय. (ही विद्या तमाम साहेबलोकांनी शिकावी.)

या शास्त्राचा मनू म्हणजे फ्रेडरिक हॅलफर्ड. १८८६ आणि १८८९ साली त्याची पुस्तकं निघाली. पाण्यावर असेल त्याच माशीची हुबेहूब नक्कल, तीही कोरडी, तरंगती, आणि प्रवाहाच्या वरच्या दिशेनं टाकलेली. शिष्यांनी त्याचं सोवळं केलं. माशी बुडाली की बाटली!

जी. ई. एम. स्क्यूज हा वकील १८८३ पासून इचेन नदीवर गळ टाकायचा. त्यानं साधी गोष्ट केली. मटणाच्या नळीतला मगज काढायचा लांबट चमचा धरलेल्या माशाच्या घशातून आत घालून पोट तपासलं. साक्षात ऑडिटच! निघाले पाण्याखालचे, पंख न फुटलेले किडे. त्यानं तसे गळ बांधले, बुडवून टाकले आणि १९१० साली पुस्तक लिहिलं.

हॅलफर्ड १९१४ साली गेला, सोवळं राहिलं. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर वाद झाला, तेव्हा स्क्यूज ७९ वर्षांचा होता. या वयात उभं राहून, मासा काय खातो हे त्याला सांगावं लागलं. तिथं सोवळेकऱ्यांचाच आवाज मोठा. त्याच वर्षी, पंचावन्न वर्षं गळ टाकलेलं ते पाणी त्यानं सोडलं.

ते पान मी दोनदा वाचलं. मग सौ.नं हाक मारली, ‘‘काकू आल्यात, पापडांचं विचारतायत.’’